घड्याळाशेजारचा ठिपका

कॉम्प्युटर दुरुस्त करायला घरोघरी जाणाऱ्या ताईंकडे एक छोटी वही असायची. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकापुढे दोनच आकडे: आल्या तेव्हा कॉम्प्युटर सुरू व्हायला किती सेकंद लागले आणि निघताना किती. बाकी सगळं डोक्यात. पंधरा वर्षांच्या कामात त्यांचं एक मत पक्कं झालं होतं, की कॉम्प्युटर म्हातारा होत नाही, त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढतं. कुणीतरी आठ वर्षांपूर्वी प्रिंटर आणतं, प्रिंटर भंगारात जातो, पण त्याचा प्रोग्राम मात्र रोज सकाळी इमानाने उठून हजेरी लावतो. असे वीस-पंचवीस जण एकदम दारात उभे राहिल्यावर उशीर व्हायचाच. "यात भुताटकी आहे हो," असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं, की ताई म्हणायच्या, "भूत नाही, गर्दी आहे."

बूटवाल्या काकांकडे पहिल्यांदा गेल्या तेव्हाही त्या हेच म्हणाल्या.

काकांचं दुकान साध्या बुटांचं नव्हतं. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वळलेली, कुणाचे तळवे बधिर झालेले, अशांसाठी ते पाय बघून बूट करत. पुढच्या खोलीत काउंटर, त्यावर कॉम्प्युटर, आणि जमिनीत बसवलेली एक जाड काच. गिऱ्हाइकाने अनवाणी त्या काचेवर उभं राहायचं, की तळव्याचं रंगीत चित्र स्क्रीनवर उमटायचं. मागे अर्ध्या उंचीचं दार आणि त्यापलीकडे कामाची खोली. तिथे भिंतभर फळ्यांवर बूट बेतायचे लाकडी पाय मांडलेले, प्रत्येकाला नंबर. चामडं, गोंद आणि लाकडाचा भुसा यांचा मिळून एक उबदार वास सगळीकडे भरलेला. स्वयंपाकघर त्यामागेच, झोपायच्या खोल्या वर. कामाच्या खोलीतूनच जिना वर जात होता.

"सकाळी सातला लावतो," काका कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले. "माझा चहा होतो, पेपर होतो, तरी याचं आपलं आळोखेपिळोखे देणं चालूच. अगदी माझ्या सासऱ्यांवर गेलाय."

आतून कानशीचा आवाज येत होता. काकांचे धाकटे भाऊ लाकडाचा पाय घासत बसले होते. पन्नाशीला टेकले तरी त्यांना सगळे धाकटाच म्हणत. काकांनी हाक मारल्यावर ते एक स्टूल घेऊन बाहेर आले, ते जमिनीवर ठेवून त्यांनी तळहाताने दाबून पाहिलं, आणि खिशातून कॉर्कचा तुकडा काढून एका पायाखाली सरकवला.

"आता बसा," ते म्हणाले. "लंगडं होतं जरा."

ताई बसल्या. कानशीचा आवाज पुन्हा सुरू झाला, एका लयीत.

सकाळी कॉम्प्युटर सुरू व्हायला तीन मिनिटं बारा सेकंद लागल्याची नोंद त्याच्यातच होती. ताईंनी वहीत तसं लिहिलं आणि सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली. सव्वीस नावं होती. त्या एकेक नाव वाचून विचारत गेल्या.

"हा कॅमेरा आहे का तुमच्याकडे?"

"होता. पुतणीने नेला."

"हे गाणी ऐकायचं?"

"हे आमच्या जावयाने घालून दिलं. त्याला वाटलं मी गाणी ऐकीन."

"बंद करू?"

"करा. त्याला सांगू नका म्हणजे झालं."

असं करत यादी खाली आली. सर्वांत शेवटी एक ओळ होती, तिला नाव नव्हतं. बनवणाऱ्याचं नाव असतं तो रकानाही कोरा. फक्त शेवटच्या रकान्यात एक शब्द: चालू. स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी छोट्या चित्रांची रांग असते, त्यात अगदी घड्याळाला चिकटून मोहरीएवढा राखाडी ठिपका होता. तो याच ओळीचा असावा. ताईंनी माऊस त्याच्यावर नेला. असं केलं की चित्राचं नाव दिसतं. इथे एक छोटा पांढरा चौकोन उघडला. त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

"हे काय आहे?"

काकांनी चष्मा वर केला. "पहिल्यापासून आहे ते. आमच्या हिने तिथे खाली एक चिठ्ठी चिकटवली होती कसलीशी. सारखी डोळ्यांत यायची म्हणून परवाच काढून टाकली मी. ती गेलीय बहिणीकडे, आल्यावर मला बोल लावील."

"काय लिहिलं होतं चिठ्ठीत?"

"याला हात लावू नये, असं. तिचं हे असंच असतं हो. फ्रिजवरसुद्धा चिठ्ठ्या."

ताईंनी ती फाइल कुठे आहे ते शोधलं. जागा मिळाली, फाइलही मिळाली. तिचा आकार शून्य होता. आत काहीच नसलेली फाइल काय बिघडवणार आणि काय सुधारणार, असा विचार करून त्यांनी तीही ओळ बंद केली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. यावेळी एक्केचाळीस सेकंद लागले. काका खूश झाले. सासऱ्यांना असं कुणी माणूस भेटलं असतं तर, असं काहीसं म्हणाले.

आत कानशीचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते ताईंच्या लक्षात आलं नव्हतं, थांबलाय एवढंच लक्षात आलं. निघताना त्यांनी अर्ध्या दारावरून डोकावून "येते हं" म्हटलं. धाकटे पाठमोरे बसले होते. कानस धरलेला हात लाकडावर टेकलेला होता. त्यांनी मान वळवली नाही. कामाच्या तंद्रीत असतील, असं ताईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला काकांचा फोन आला. पाय मोजायचा प्रोग्राम आपोआप उघडत नव्हता, गिऱ्हाईक काचेवर उभं राहून राहून कंटाळून गेलं होतं. चूक ताईंचीच होती. गर्दी हटवताना कामाचं माणूसही बाहेर काढलं गेलं होतं. त्या लगेच निघाल्या.

दुकानात काकांचा चेहरा उतरलेला होता. काउंटरवर औषधांची चिठ्ठी पडली होती.

"धाकट्याला बरं नाही," ते म्हणाले. "काल तुम्ही गेलात आणि मी आत गेलो, तर हा तसाच बसलेला. डोळे उघडे. चार वर्षांपूर्वी झालं होतं तसंच. हाक मारली तर ओ नाही. शेजाऱ्यांना बोलावून वर नेला. डॉक्टर येऊन गेले दोनदा. नाडी छान, श्वास छान, ताप नाही. झोपलाय म्हणतात. डोळे उघडे ठेवून कुणी झोपतं का?"

"हॉस्पिटलात न्यायला हवं."

"दुपारी नेतोय. ही पोचलीय मघाशी, तिच्या जवळ बसलाय." मग स्वतःशीच म्हणाले, "बसलाय कसला. बसवलाय."

अशा घरात जास्त वेळ काढणं ताईंना बरं वाटेना. पाय मोजायचा प्रोग्राम त्यांनी चालू करून ठेवला. मग त्यांची नजर त्या बिननावाच्या ओळीवर गेली. एक चूक झालीच होती, दुसरी नको, आपल्याला जे कळत नाही ते होतं तसं ठेवावं, एवढ्याच विचाराने त्यांनी तीही ओळ पुन्हा चालू केली. धाकट्यांचा विचार तेव्हा त्यांच्या मनात नव्हता. हे त्यांनी पुढे स्वतःला बरेचदा सांगितलं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. घड्याळाशेजारी एकेक चित्र उमटत गेलं. सगळ्यांत शेवटी ठिपका.

वर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मग जिन्यावर पावलं वाजली. धाकटे खाली आले, अंगात कालचाच सदरा. काकांकडे बघून ते म्हणाले, "टाच अर्धी राहिलीय त्याची," आणि सरळ आपल्या जागेवर जाऊन बसले. कानस उचलली. काका अर्ध्या दाराला धरून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. धाकट्यांच्या मागोमाग काकू जिना उतरून आल्या, उंच, सडपातळ, प्रवासातली पिशवी अजून खांद्यालाच. त्यांनी दिराकडे पाहिलं नाही. त्या थेट पुढच्या खोलीत आल्या आणि स्क्रीनच्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही बंद केलं होतं," त्या ताईंना म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"काकू, दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं नसतं."

"नसतं. चार वर्षांपूर्वीही एकाने असंच बंद केलं होतं. पाच दिवस हॉस्पिटलात होता हा. सगळ्या तपासण्या झाल्या. पाचव्या दिवशी त्या माणसाने येऊन सगळं पहिल्यासारखं करून दिलं, आणि तिकडे हा पलंगावरून उतरून नर्सला म्हणाला, माझे बूट कुठे आहेत. मी वेळ विचारून घेतली. मिनिटाचाही फरक नव्हता."

ताईंच्या पाठीमागे कानस चालली होती.

"रात्री कॉम्प्युटर बंद असतो तेव्हा हा झोपलेला असतो," काकू सांगत राहिल्या. "सकाळी हे कॉम्प्युटर लावतात आणि हा उठतो. रविवारी दुकान नसतं, तरी मी खाली येऊन लावते. ह्यांना वाटतं मी पत्ते खेळते. वीज गेली तर म्हणून बॅटरी मीच घ्यायला लावली."

"आणि हा कॉम्प्युटर येण्याआधी?"

"आधी काय? आधी स्वतःचा स्वतः उठायचा. माणसं उठतात तसा." त्यांनी जमिनीतल्या काचेकडे पाहिलं. "ती काच बसवली तेव्हा चाचणीला पहिला पाय त्याचाच ठेवला होता. यंत्र नीट लागेना म्हणून दिवसभर उभा होता बिचारा त्याच्यावर. त्याच्या पलीकडे मला काही माहीत नाही, आणि मी कुणाला विचारलेलंही नाही. तुम्ही पहिल्या."

ताईंनी पिशवी आवरायला घेतली. पण हाताला सवय होती, म्हणून जाता जाता त्यांनी कॉम्प्युटरच्या डिस्कची तब्येत दाखवणारं पान उघडलं. पान लाल होतं. नऊ वर्षांची डिस्क, ठिकठिकाणी खराब झालेली. अशी डिस्क महिनाभर चालते, किंवा त्याच दिवशी जेवणानंतर बंद पडते. हे सांगावं की नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. पंधरा वर्षांत असा विचार त्यांना पहिल्यांदाच करावा लागला.

त्यांनी सांगितलं. काकूंनी पिशवी खांद्यावरून काढून काउंटरवर ठेवली.

"दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवता येतं ना?"

"सगळं येतं."

"सगळं म्हणजे?"

 शून्य आकाराच्या फाइलची नक्कल करायची म्हणजे काय उतरवायचं, हे ताईंनाच ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता त्या नवी डिस्क घेऊन आल्या. काकांना काकूंनी कुठल्याशा कामाला बाहेर पाठवलं होतं. दुकानाचं पुढचं दार लोटलेलं, काचेवर ऊन पडलेलं. कॉम्प्युटर चालू होता आणि धाकटे आत आपल्या जागेवर होते. सुट्टीच्या दिवशीही त्यांना लाकूड लागायचं.

ताईंनी स्क्रू काढायचं हत्यार, तार, नवी डिस्क असं सगळं काउंटरवर मांडलं. आता कॉम्प्युटर बंद करायचा होता. त्यांचा हात माऊसवर होता आणि बोट खाली जात नव्हतं.

कानस थांबली. धाकटे बाहेर आले. त्यांनी हात पुसले, भिंतीकडे पाठ असलेली खुर्ची ओढली आणि तिच्यावर नीट, मागे टेकून बसले. चष्मा काढला, घडी घातली, वहिनींच्या हातात दिला.

"किती वेळ?" त्यांनी ताईंना विचारलं.

ताई म्हणाल्या, "दोन तास. जास्तीत जास्त अडीच."

"बरं." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "मागच्या वेळी मान अवघडली होती. उशी द्या हो वहिनी."

काकूंनी वरून उशी आणली, मानेमागे लावली. दिराच्या कपाळावरचा भुसा पदराने टिपला. मग ताईंकडे पाहून मान हलवली.

ताईंनी कॉम्प्युटर बंद केला.

स्क्रीन काळी झाली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

नक्कल व्हायला एक तास पन्नास मिनिटं लागली.  नकलेचा आकडा मध्येच एका जागी अडकून राहिला, सात मिनिटं हललाच नाही. जुनी डिस्क आतून टकटक करत होती, जणू आधी वाचलेलं पुन्हा वाचत होती. काकू खुर्चीपाशी जाऊन धाकट्यांच्या श्वासापुढे हात धरून आल्या.

"आहे," त्या म्हणाल्या.

मग आकडा पुढे सरकला.

नवी डिस्क बसवली. बटण दाबलं.

तेरा सेकंदांत सगळं उघडलं. घड्याळाशेजारी चित्रं आली. पाय मोजायचं. बॅटरीचं. आवाजाचं.

ठिपका नव्हता.

काकू ताईंच्या मागे उभ्या होत्या. 

अर्धं मिनिट गेलं.

ठिपका आला.

"चष्मा," मागून धाकट्यांचा आवाज आला.

दोघी वळल्या. ते मान चोळत होते. मग उठले, दोन पावलं टाकली, काउंटरला धरून थांबले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "आता फार पटकन होतं." तक्रार नव्हती. नवे बूट घातल्यावर माणूस बोलतं तसं ते बोलले. मग आत गेले.

ताईंनी यादी उघडून पाहिली. शेवटी बिननावाची एक ओळ होती. चालू. वहीत त्यांनी तेरा हा आकडा लिहिला. काकूंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. जुनी डिस्क ताईंनी काकूंसमोरच स्क्रू काढून फोडली, तबकडीचे तुकडे कागदात गुंडाळून दिले. मागे काही राहू नये, अशी काकूंचीच इच्छा होती.

पुढचे दिवस ताईंनी मुद्दाम भरून टाकले. एका शाळेचे तीस कॉम्प्युटर, एका दाताच्या दवाखान्याचे चार. प्रत्येक ठिकाणी यादी उघडल्यावर त्या आधी शेवटची ओळ बघत. तिथे नेहमी काहीतरी नाव असे. बंद करण्याआधी मात्र त्या आता दोनदा विचारत, आणि विचारताना घरात कोण कोण आहे ते पाहून घेत.

अकराव्या दिवशी काकूंचा फोन आला. सकाळचे साडेआठ झाले होते. ताई खिडकीशी उभ्या राहून बोलू लागल्या.

"सगळं ठीक ना, काकू? धाकटे बरे आहेत?"

"बरा आहे. कामही झपाट्याने करतो. मी एक विचारायला फोन केला. तुम्ही कामात नाही ना?"

"नाही, बोला."

"घड्याळाशेजारी आता दोन ठिपके दिसतात."

ताई खिडकीच्या गजाला टेकल्या. "कधीपासून?"

"चार दिवस झाले. एक लगेच येतो. दुसरा सावकाश, पंधरा-वीस मिनिटांनी. आधी मला वाटलं माझा चष्मा बदलायला झालाय. यांना दाखवलं, यांनाही दोनच दिसतात."

"यादीतही दोन ओळी आहेत का? मी सांगते कुठे बघायचं."

"बघितलं मी, तुम्हाला करताना पाहिलं होतं ना. दोन आहेत. दोन्ही बिननावाच्या. म्हटलं एक बंद करावी. पण त्याची कोणती, हे कसं ओळखायचं?"

ताईंनी विचार केला. त्यांना माहीत असलेल्या सगळ्या युक्त्या एकेक करून आठवून पाहिल्या. आकार शून्य, नाव कोरं, तारीख एकच. ओळखायचा एकच मार्ग होता आणि तो करून पाहण्यासारखा नव्हता.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "मी येते."

"या. घाई नाही." पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. काकू स्वयंपाकघरातून बोलत होत्या. "तसा काही त्रास नाही हो. फक्त सकाळी वरच्या खोलीचं दार दोनदा उघडतं. पहिल्यांदा उघडतं तेव्हा हा खाली येतो. दुसऱ्यांदा उघडतं तेव्हा हा इथे माझ्यासमोर बसून चहा पीत असतो."

"आणि मग?"

"पहिल्या दिवशी नुसतंच दार. दुसऱ्या दिवशी वरची पायरी वाजली. काल मध्यापर्यंत. आज शेवटून तिसरी. हा कप खाली ठेवून ऐकत होता, पण बोलला काही नाही."

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीची काच पुसत होतं.

"मी आपला उद्यापासून चौथा कप मांडून ठेवणार आहे," काकू म्हणाल्या. "आलाच, तर त्याला अवघडल्यासारखं व्हायला नको."